बांगडीचं माप

आमच्या घरात बांगडी फुटत नाही, ती वाढते. 'फुटली' हा शब्द तोंडातून गेला तर आई अजूनही हातातलं काम थांबवून बघते. तिचं बांगड्यांचं दुकान आहे, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात. दोन गिऱ्हाइकं बसली की तिसरीनं पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. फिरोजाबादचा माल पेंढ्यात गुंडाळून यायचा, तो सोडायचं काम माझ्याकडं. सव्वादोन, अडीच, पावणेतीन ही मापं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

बांगड्या भरताना आई बाईचा पंजा हातात घेते, अंगठ्याच्या बुडाचं हाड आत दाबते, चारी बोटं जवळ आणते आणि म्हणते, "सैल सोड हात." दिवसातून शंभरदा म्हणत असेल. दुखेल म्हणून बाई हात आवळते, आणि हात आवळला की काच पिचते. नव्या नवरीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्यांना तेच वाक्य आणि तोच आवाज.

हे सगळं सांगतोय कारण २०१३च्या डिसेंबरात, एका सकाळी सरावाआधी, माझ्या किटच्या बॅगेत कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या. कागदात गुंडाळलेल्या, दोऱ्यात ओवलेल्या, डझनभर. शिनगार्डच्या खाली. मी कागद सोडला आणि माझ्या पाठीमागं सगळे गप्प झाले. त्या शांततेवरून कळलं की हे एकट्याचं काम नाही.

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे. तालमीत कुस्तीचा आखाडा असतो आणि त्याच तालमीची फुटबॉलची टीम असते. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. मी वडिलांच्या खांद्यावर बसून मॅच बघायला गेलेला पोरगा. पुढं आमच्याच तालमीचा गोलकीपर झालो. त्या मुक्कामाला पोचल्याचा मला किती आनंद झाला असेल हे पेठेत वाढलेल्याला सांगावं लागणार नाही. रस्त्यानं चाललो की लोक हाक मारायचे, "काय मर्दा, उद्या किती अडवणार?"

'मर्दा'. आमच्याकडं कुणालाही हाक मारायची तर हाच शब्द. रिक्षावाला प्रवाशाला म्हणतो, दूधवाला शेजाऱ्याला म्हणतो, भांडणातही म्हणतात आणि गळ्यात पडतानाही. आणि त्याच गावात बायका 'मी येतो', 'मी जेवलो' असं बोलतात. माझी आई आयुष्यभर स्वतःबद्दल पुरुषासारखी क्रियापदं वापरत आली आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलेलं नाही. इतकं मोकळं बोलणारं गाव आहे ते. म्हणून 'मर्दा' ही हाक बंद होते तेव्हा काय होतं हे दुसऱ्या गावच्या माणसाला समजावणं मला अवघड जातं. त्या डिसेंबरात ती हाक बंद झाली. कुणी ठरवून केलं नसेल. नावानं बोलवायला लागले, एवढंच.

कळलं कसं तेही सांगतो. ११ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. २००९च्या जुलैत दिल्ली हायकोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची धार काढून घेतली होती, ती सुप्रीम कोर्टानं परत लावून दिली. त्या रात्री टेम्पोतून बाहेरगावच्या मॅचवरून येत होतो. मुंबईतल्या एका मित्राला मी मेसेज लिहिला, आजपासून आपण परत गुन्हेगार. शेजारी बसलेल्यानं तो वाचला. माझा चांगला दोस्त होता तो. त्यानं काही विचारलं नाही, फक्त खिडकीकडं तोंड केलं. चार दिवसांनी बांगड्या.

त्या घेऊन काय करावं हे मला सुचेना. फेकाव्यात, आपटाव्यात, असं मनात आलं. पण ज्या घरात काच सांभाळायला शिकवलं त्या घरच्या हातून ते होईना. कागदात परत गुंडाळल्या, बॅगेत ठेवल्या, बूट घातले आणि गोलपोस्टपाशी जाऊन उभा राहिलो.

इथं माझी एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं लिहिण्याचा हक्क मला राहणार नाही. सतरा वर्षांचा असताना आमच्या डिफेंडरनं एक टॅकल चुकवली. मी गोलमधून ओरडलो होतो, "बांगड्या घातल्यास काय रे!" सगळे हसले, तोही हसला. आईच्या दुकानातल्या पैशानं घेतलेले ग्लोव्हज माझ्या हातात होते. आपण काय आहोत हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दुसऱ्यांपेक्षा जरा जास्त मोठ्यानं ओरडायचो.

गोलकीपरला सगळं ऐकू येतं. बाकीचे दहा जण पळत असतात, कानांत वारा असतो, श्वास असतो. कीपर उभा असतो आणि प्रेक्षक त्याच्या पाठीशी दहा पावलांवर. गोलकिकसाठी बॉल ठेवून चार पावलं मागं जायची, तेवढ्या शांततेत मागून जे येतं ते नेमकं त्याच्यासाठी असतं. तालमीच्या शेवटच्या दोन महिन्यांत मला मागून जे ऐकू आलं त्यातले 'बायल्या' आणि 'छक्का' हे लिहिण्यासारखे शब्द. छक्का म्हणून ज्यांना हिणवतात त्या माणसांनाही त्यात ओढलेलं असतं, बायकांनाही ओढलेलं असतं. एका शब्दात किती जणांना मारता येतं बघा.

पण शिव्यांनी मी तालीम सोडली नाही. सोडली ती दुसऱ्याच गोष्टीमुळं. गोल झाला की फुटबॉलमध्ये पुरुष एकमेकांना मिठ्या मारतात, अंगावर चढतात, गालाचा मुका घेतात, आणि कुणाला काही वाटत नाही. मला त्यासाठी हा खेळ फार आवडायचा. कीपरला त्या घोळक्यात जायला सगळं मैदान पळत जावं लागतं, म्हणून बरेच कीपर आपल्या जागीच हात वर करतात. मी पळत जायचो. फेब्रुवारीत शेवटच्या मिनिटाला आमचा गोल झाला, मी पळत गेलो, आणि मी पोचायच्या आत घोळका सुटला. एकेक जण आपापल्या जागेकडं चालायला लागला. मी सेंटर सर्कलमध्ये एकटा धापा टाकत उभा होतो आणि आम्ही मॅच जिंकलो होतो.

पुण्यात नोकरी धरली. पाच वर्षं बॉलला हात लावला नाही.

त्या वर्षांत मी वाचायचो. जस्टिन फॅशनू या इंग्लिश फुटबॉलपटूबद्दल तेव्हाच वाचलं. १९८१मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबनं त्याला दहा लाख पौंडांना घेतलं. एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश खेळाडू. १९९०मध्ये त्यानं वर्तमानपत्रातून सांगितलं की मी गे आहे. सख्ख्या भावानं, तोही फुटबॉलपटूच, त्याला जाहीरपणे दूर लोटलं. मे १९९८मध्ये लंडनमध्ये जस्टिननं आत्महत्या केली, वय ३७. त्यानंतर इंग्लंडमधल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना असं उघड बोलणारा पुढचा माणूस यायला २०२२चा मे उजाडला. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, सतरा वर्षांचा पोरगा. १९९०पासून मोजली तर मधे बत्तीस वर्षं गेली. इतक्या वर्षांत तिथल्या क्लबांतून किती हजार मुलं खेळून गेली असतील. त्यांतले कितीतरी माझ्यासारखेच घोळक्याच्या कडेला थांबले असणार, आणि त्यांच्याबद्दल कुठंही काही छापून येणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानं ३७७मधून आम्हाला मोकळं केलं. मी ऑफिसात होतो. स्वच्छतागृहात जाऊन रडलो आणि परत येऊन जागेवर बसलो. त्याच आठवड्यात नवे ग्लोव्हज घेतले. दोन्ही गोष्टींचा संबंध मला तेव्हा कळला नव्हता.

पुण्यातली आमची टीम म्हणजे रविवारची मंडळी. बँकेतला एक, दोन शिक्षक, कॉलेजची पोरं, एक गॅरेजवाला. कॅप्टन साताऱ्याचा, रंग विकायच्या धंद्यातला. पहिल्याच महिन्यात मी त्याला चहाच्या टपरीवर सांगून टाकलं. आधीसारखं कुणाच्या खांद्यावरून वाचून कळायला नको होतं. त्यानं ग्लास खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाला, "बरं. पण कॉर्नरला तू लाइन सोडून लई पुढं येतोस, ते बघ." मला त्या क्षणी तो माणूस आवडला. तरीही एवढं लिहिलं पाहिजे की पुढची दोन वर्षं त्यानं मैदानावर माझ्यासाठी तोंड उघडलं नाही. माझ्याशी नीट वागणं त्याला जमत होतं. दुसऱ्याला थांबवणं हे त्याला आपलं काम वाटत नव्हतं, आणि मलाही मागायचं धाडस होत नव्हतं.

कारण लीगमध्ये सगळं तेच होतं. शहर बदललं होतं, तोंडातले शब्द तेच. मला उद्देशून क्वचित. एकमेकांना, पास चुकला म्हणून, दमला म्हणून, पडला म्हणून. आमच्या टीममध्येसुद्धा. कॉलेजच्या पोरांतला एक फार गुणी विंगर होता, अगदी हलका, नाजूक पावलांचा. त्याला विरुद्ध टीमवाले 'छमिया' म्हणायचे. तो हसायचा. ते हसू मी ओळखत होतो. एका रविवारी तो आला नाही, मग पुढच्याही नाही, मग ग्रुपमधून बाहेर पडला. त्याच्या मनात काय होतं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, ही गोष्ट मला आजही टोचते.

तो गेला तेव्हा मी आयोजकांना पत्र लिहिलं. लीगच्या नियमावलीत उशिरा येण्याला दंड होता, जर्सीचे नंबर नीट नसले तर दंड होता. शिवीगाळीबद्दल अक्षर नव्हतं. मी लिहिलं की नवं काही मागत नाही. फुटबॉलच्या बाराव्या नियमात अपमानास्पद, शिवराळ भाषेला लाल कार्ड आहेच. लैंगिक कलावरून भेदभाव चालणार नाही असं फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या घटनेतच लिहिलंय. आपल्या रेफरीला ते वापरायला सांगा, एवढंच. उत्तर आलं, सर, गेममध्ये हे चालतंच, मनावर घेऊ नका.

'चालतंच' हे मला मान्य नाही, तेव्हाही नव्हतं. खरंच ते खेळाचा भाग असतं तर खेळ त्याच्यासाठी कधी थांबला नसता. पण थांबलेला आहे. मेक्सिकोचे प्रेक्षक समोरच्या कीपरनं गोलकिक घेतली की सगळे मिळून एक शिवी ओरडतात, समलैंगिकांना हिणवणारी. कीपर मागं सरकत असतानाची ती शांतता, पुन्हा तीच. २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध ते झालं आणि फिफानं मेक्सिकोच्या संघटनेला १०,००० स्विस फ्रँक दंड केला. घोषणा थांबल्या नाहीत. मग १५ जून २०२३ला लास वेगासमध्ये अमेरिकेविरुद्ध सेमीफायनल चालू असताना रेफरीनं खेळ आधी थांबवला आणि शेवटी वाढवून दिलेली वेळ पुरी व्हायच्या आतच शिट्टी मारून मॅच संपवून टाकली. मी ते क्लिप पुन्हा पुन्हा बघितलं. एका माणसानं शिट्टी तोंडाला लावली, बास.

आणि सॅन दिएगो. ते मी कॅप्टनला त्याच्या दुकानात, रंगाच्या डब्यांवर बसून दाखवलं. ३० सप्टेंबर २०२०. सॅन दिएगो लॉयल ही अमेरिकेतली टीम फिनिक्सच्या टीमविरुद्ध ३-१नं पुढं होती. त्यांचा कॉलिन मार्टिन हा उघडपणे गे असलेला खेळाडू, त्याला समोरच्यानं शिवी दिली. प्रशिक्षक लँडन डोनोव्हन रेफरीशी बोलला, समोरच्या प्रशिक्षकाशी बोलला, काही होईना. दुसरा हाफ सुरू झाला तशी सगळी टीम गुडघ्यावर बसली आणि उठून मैदानाबाहेर चालत गेली. जिंकत असलेली मॅच सोडली, प्लेऑफ सोडले. कॅप्टननं क्लिप पुरतं बघितलं. "ती अमेरिका आहे, भावा," म्हणाला. मी म्हणालो, "मी तुला बाहेर जा म्हणत नाही. ऐकू आलं तर ऐकू आलं म्हण, एवढंच." तो काही बोलला नाही. गिऱ्हाईक आलं होतं.

दोन महिन्यांनी सेमीफायनल. ०-० चालली होती. माझ्या गोलमागं समोरच्या टीमचे दहा-बारा दोस्त उभे, आणि त्यांना माझ्याबद्दल कुठून तरी कळलेलं. पहिल्या गोलकिकपासून सुरू. कीपरला पाठीमागून काय काय हवं असतं, असे प्रश्न. मी दरवेळी बॉल ठेवायचो, चार पावलं मागं जायचो, मारायचो. पंचावन्नाव्या मिनिटाला कॅप्टन बॉक्सजवळ उभा होता आणि त्यानं ते शब्द पुरते ऐकले. रेफरीकडं बघितलं. रेफरी म्हणाला, "प्ले, प्ले." बॉल उडत कॅप्टनकडं आला आणि त्यानं तो छातीवर घेण्याऐवजी दोन्ही हातांनी धरला. काखेत मारला आणि तसाच उभा राहिला. "त्यांना तिथनं हलवा, मग खेळू." रेफरीनं शिट्टी मारली, हँडबॉल दिला, पिवळं कार्ड दाखवलं. कॅप्टन म्हणाला, "दाखवा. पण ऐकू आलं का नाही ते सांगा." दोन-तीन मिनिटं सगळं मैदान थांबलं होतं. समोरचा कॅप्टन स्वतः गोलमागं गेला आणि आपल्या पोरांना कोपऱ्यात घेऊन गेला. हे मी अपेक्षिलं नव्हतं.

मग त्या हँडबॉलची फ्री किक. भिंत नीट लागली होती, मी उजवीकडं उडी घेतली, बॉलला अंगठा लागला, अंगठा मागं वळला आणि बॉल पोस्टला लागून आत गेला. आम्ही ०-१नं हरलो.

त्यानंतरचं सगळं गोड नाही. आमच्यातलाच एक जण बूट काढताना म्हणाला, "तुमच्या या भानगडीपायी फायनल गेली." तो पुढं टीममध्ये राहिला नाही. पाच-सहा जण माझ्याशी काही न बोलता गेले. रेफरी, बावीस-तेवीसचा पोरगा, पार्किंगमध्ये माझ्यामागं आला. म्हणाला, "सर, मला सुरुवातीपासून ऐकू येत होतं. मी मॅच थांबवली असती तर मला परत बोलावलं नसतं." मी त्याला काय बोलणार? त्याला त्या मॅचचे पाचशे रुपये मिळत होते. पुढच्या सीझनच्या नियमावलीत एक ओळ आली. आयोजकांनी मला कळवलं नाही, मला ती छापील कागदावर दिसली. त्या सीझनमध्ये त्या ओळीवर दोन लाल कार्डं निघाली, त्यातलं एक आमच्याच टीमला. कॅप्टननं ते निमूट मान्य केलं.

सुजलेला अंगठा घेऊन दिवाळीला घरी गेलो. दुकान दुपारी रिकामं होतं. आईनं हात बघितला आणि विचारलं, "कुणी मारलं?" मी म्हणालो, बॉल लागला. ती उठली, आतून साबणाचं पाणी आणलं, बांगड्या भरायला घेते तेच भांडं. माझा पंजा मांडीवर घेऊन बसली. आणि हाताकडं बघतच म्हणाली, "तुझ्या माळ्यावरच्या ब्यागेतल्या बांगड्या मी तवाच बघितल्या होत्या."

मला काही सुचेना.

"अडीचच्या हैत. कुणाच्या तरी मापानं घेतलेल्या. मला वाटलं, पोरानं कुणाला तरी बघून ठेवलीय. आज सांगंल, उद्या सांगंल, म्हणून मी वाट बघत होतो."

इतकी वर्षं ती वाट बघत होती. मापाचं माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ज्यानं कुणी त्या आणल्या त्यानं दुकानात उभं राहून अडीचच्या द्या म्हणून सांगितलं असणार. बहिणीचा हात आठवला असेल, बायकोचा, आईचा. ज्या हातचं जेवतो तो हात आठवून त्यानं मला शिवी दिली.

मी तिला सगळं सांगितलं. बांगड्या बॅगेत कशा आल्या आणि का ठेवल्या होत्या, तिथून सुरुवात केली आणि मग माझ्याबद्दलचं सांगितलं. मधे एक बाई आली, आईनं तिला हातानंच "संध्याकाळी ये" म्हणून परत लावलं. माझं बोलणं झालं तरी ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हिणवायला बांगड्या आणल्या? माझ्या पोराला?" तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "ह्याच्यावर तुला शिकवलं मी. तुझे ते हातमोजं घेतलं."

आणि माझ्याबद्दलच्या गोष्टीवर ती काहीच म्हणाली नाही. त्या दिवशी नाही. तिनं साबणाचं पाणी माझ्या अंगठ्यावर ओतलं आणि बुडाचं हाड चाचपायला लागली. मोडलेली, वळलेली, सुजून जाड झालेली माझी बोटं तिनं एकेक करून दाबली, मापासाठी दाबते तशी. "पावणेतीनची लागंल तुला," म्हणाली, "तीबी जोर करून." मी दुखायला लागलं म्हणून पंजा आवळला.

"सैल सोड हात," आई म्हणाली.